लिओ फेंडर : आवाजाचा हिशेब मांडणारा माणूस

थोरांची चरित्रे वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते. ज्या क्षेत्रात माणूस पुढे नाव कमावतो, त्या क्षेत्राचे रीतसर शिक्षण त्याला मिळालेलेच असते असे नाही. अमेरिकेतील लिओ फेंडर हे याचे ठळक उदाहरण होय. विजेवर वाजणाऱ्या गिटारच्या जगात ज्याचे नाव आजही अगदी पहिल्या रांगेत घेतले जाते, त्या माणसाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. इंजिनिअरिंगची पदवी त्याच्याजवळ नव्हती. त्याचा एक डोळा काचेचा होता. आणि कॉलेजात तो जो विषय शिकला, तो चक्क आपला, म्हणजे वाणिज्य शाखेचा, हिशेबलेखन हा होता!

गिटारचा नाद असलेली चार मुले एकत्र आली की एक वाद हमखास निघतो. अॅम्प्लिफायरचा स्पीकर किती इंची असावा? ८, १०, १२ की १५? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : जेवढा मोठा तेवढा चांगला. गणपतीच्या मंडपापासून लग्नाच्या मांडवापर्यंत आपल्याकडे हाच समज रूढ आहे. फेंडरने मात्र आयुष्यभर या प्रश्नाकडे निराळ्या नजरेने पाहिले. मोठा कोणता यापेक्षा कोणाला, कशासाठी आणि कोणत्या जागेत हवा, हे तो आधी विचारीत असे. स्पीकरच्या या मापांचा मागोवा घेत गेले की त्याचे सारे चरित्रच आपल्यापुढे उलगडत जाते.

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर याचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी कॅलिफोर्नियातील अॅनाहाइम व फुलरटन या गावांच्या परिसरात झाला. आईवडिलांची संत्र्यांची बाग होती, आणि त्या शेतावरच्या कोठारातच हे मूल जन्मले. घर शेतकऱ्याचे, त्यामुळे कष्टाची सवय लहानपणापासूनची. वयाच्या आठव्या वर्षी डोळ्यात गाठ झाल्यामुळे त्याचा एक डोळा काढावा लागला व तेथे काचेचा डोळा बसवण्यात आला. एखादे मूल अशा आघाताने खचून गेले असते. लिओ अबोल झाला, पण खचला नाही. त्याचे मन माणसांच्या गर्दीपेक्षा तारा, खिळे आणि स्क्रू यांच्यात अधिक रमू लागले.

त्याचा एक मामा सांता मारिया या गावी मोटारींच्या विद्युत उपकरणांचे दुकान चालवीत असे. लिओ तेरा-चौदा वर्षांचा असताना मामाने त्याला मोटारीच्या जुन्या सुट्या भागांची एक पेटी व बॅटरी पाठवून दिली. पुढच्या वर्षी लिओ मामाकडे गेला, तेव्हा मामाने स्वतः जोडलेला रेडिओ दुकानाच्या दर्शनी भागात ठेवलेला होता आणि त्याच्या स्पीकरमधून संगीताचा मोठा आवाज बाहेर येत होता. त्या आवाजाने या मुलाच्या मनाचा जो ठाव घेतला तो कायमचाच. घरी परतल्यावर तो शेजारपाजाऱ्यांचे रेडिओ दुरुस्त करू लागला.

एवढी आवड असूनही त्याने विजेचे शिक्षण घेतले नाही. १९२८ साली शाळा संपवून तो फुलरटनच्या ज्युनिअर कॉलेजात दाखल झाला, तो हिशेबलेखनाचा विद्यार्थी म्हणून. का, हे सांगायला नकोच. पोटाची सोय आधी पाहायची आणि छंद फावल्या वेळात सांभाळायचा, हा मध्यमवर्गीय शिरस्ता सगळ्या देशांत सारखाच! कॉलेजनंतर त्याने अॅनाहाइमच्या एका बर्फाच्या कंपनीत माल पोहोचवण्याचे काम केले आणि पुढे तेथेच तो हिशेबनीस झाला. याच सुमारास एका स्थानिक वाद्यवृंदाच्या चालकाने त्याला नाचाच्या कार्यक्रमांसाठी ध्वनिक्षेपणाची यंत्रणा बनवून मागितली. लिओने अशा सहा यंत्रणा तयार करून दिल्या. दिवसा खातेवही आणि रात्री झाळणी, असे त्याचे दुहेरी आयुष्य सुरू झाले.

१९३४ साली एस्थर क्लॉस्की या तरुणीशी त्याचा विवाह झाला. नंतर कॅलिफोर्नियाच्या महामार्ग खात्यात त्याला हिशेबनिसाची नोकरी लागली. संसार सुरळीत चालेल असे वाटत होते. परंतु १९२९ साली सुरू झालेली जागतिक मंदी अजून ओसरली नव्हती. सरकारी खात्यातील ती जागाच रद्द झाली. मग एका टायर कंपनीच्या हिशेब विभागात तो लागला, तीही नोकरी सहा महिन्यांत गेली. नावे-जमा बिनचूक लिहिणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या खात्यावर जमेची बाजू कोरी राहिली. पदवीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या आपणा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हा प्रसंग परका वाटण्याचे कारण नाही.

१९३८ साली लिओने एक धाडस केले. ६०० डॉलरचे कर्ज काढून तो फुलरटनला परतला आणि त्याने 'फेंडर रेडिओ सर्व्हिस' या नावाचे दुकान थाटले. रेडिओ, ग्रामोफोन आणि ध्वनिक्षेपण यंत्रणा यांची दुरुस्ती, विक्री आणि भाड्याने देणे असा तो व्यवसाय होता. वरवर पाहता हे साधेसे दुकान. पण लिओच्या दृष्टीने तेच खरे महाविद्यालय ठरले. नवे यंत्र बनवणारा कारखानदार फक्त विक्रीचा आकडा पाहतो. ते कोठे, कसे आणि का बिघडते हे दुरुस्ती करणाऱ्यालाच ठाऊक असते. कोणता सांधा सुटतो, कोणत्या स्पीकरचा कागद फाटतो, कोणता भाग काढायला निष्कारण तास लागतो, याची नोंद लिओच्या मनात होत गेली. पुढे त्याने बनवलेली प्रत्येक वस्तू उघडायला सोपी आणि दुरुस्तीला स्वस्त असे, त्याचे मूळ या दुकानात आहे.

त्या काळी अमेरिकेत मोठमोठ्या वाद्यवृंदांची चलती होती. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या गजरात बिचारी गिटार ऐकूच येत नसे. यावर तोड म्हणून १९३०च्या दशकात विजेची गिटार पुढे आली. तिचे तत्त्व सोपे आहे. तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, त्याला पिकअप म्हणतात. पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यात अगदी क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. अॅम्प्लिफायर त्या प्रवाहाला बळ देतो आणि स्पीकर त्याचे पुन्हा ध्वनीत रूपांतर करतो. स्पीकरमध्येही चुंबक व वेटोळेच असते. फक्त तेथे वेटोळे एका कागदी शंकूला जोडलेले असते. वेटोळे पुढेमागे हलते, शंकू हलतो आणि शंकू पुढची हवा ढकलतो. म्हणजे गिटार वाजवणाऱ्याच्या बोटांतून निघालेला स्वर श्रोत्याच्या कानावर पडतो तो शेवटी या कागदाच्या हलण्यातूनच. स्पीकर किती मोठा हवा या प्रश्नाला एवढे महत्त्व आले ते यामुळे.

दुकानात येणाऱ्या वादकांमध्ये डॉक कॉफमन नावाचा एक कल्पक गृहस्थ होता. त्याने पूर्वी रिकनबॅकर कंपनीच्या गिटारसाठी काही यंत्ररचना केली होती. डोळ्याच्या दोषामुळे लिओला युद्धावर जावे लागले नाही. महायुद्धाच्या अखेरच्या काळात या दोघांनी भागीदारीत 'के अँड एफ' ही कंपनी सुरू केली आणि मांडीवर ठेवून वाजवायच्या हवाईयन गिटार व त्यांना जोडायचे छोटे अॅम्प्लिफायर बनवायला घेतले. धंदा वाढवायचा तर कर्ज घ्यावे लागणार होते. कॉफमनला कर्जाची धास्ती वाटली आणि १९४६ साली तो भागीदारीतून बाहेर पडला. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' असे आपण म्हणतो, 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु' असे आपले कन्नड मित्र म्हणतात. कॉफमनने त्याच न्यायाने निर्णय घेतला. दोघांची मैत्री मात्र तुटली नाही. लिओने पाय पसरायचे ठरवले, पण आकडेमोड करून.

त्याच वर्षी फेंडरच्या स्वतःच्या नावाचे तीन अॅम्प्लिफायर बाजारात आले. सर्वांत लहान 'प्रिन्स्टन' याला ८ इंची स्पीकर होता, मधल्या 'डिलक्स'ला १० इंची आणि मोठ्या 'प्रोफेशनल'ला १५ इंची. आज गिटारवादक ज्या मापांवरून वाद घालतात, ती मापे अशी एकाच कारखान्याच्या एकाच यादीत शेजारी शेजारी येऊन बसली. घरी शिकणारा, छोट्या खोलीत चार जणांसाठी वाजवणारा आणि नाचाच्या दिवाणखान्यात रात्रभर वाजवणारा, असे तीन ग्राहक त्या तीन पेट्यांमागे दिसतात.

येथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. स्पीकरचे माप सांगतात ते व्यासाचे. परंतु हवा ढकलली जाते ती क्षेत्रफळाने, आणि क्षेत्रफळ वाढते व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. ८ इंची वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस इंच भरते, १० इंचीचे ७८, १२ इंचीचे ११३ आणि १५ इंचीचे १७७. म्हणजे ८ वरून १५ वर जाताना व्यास दुपटीहूनही कमी वाढला, पण हवा ढकलणारा पृष्ठभाग साडेतीन पट झाला! मोठा शंकू खर्जातले स्वर भरदारपणे देतो तो त्यामुळे. पण प्रत्येक जमेला नावे असतेच. मोठा शंकू सामान्यतः जड असतो. झटकन हलणे व थांबणे त्याला कठीण जाते. शिवाय मोठ्या शंकूतून निघणारे तार स्वर अरुंद झोतासारखे सरळ समोर जातात. समोर बसलेल्याला आवाज टोचतो आणि बाजूला बसलेल्याला तोच मंद वाटतो. लहान शंकू चपळ असतो, त्याचा स्वर स्पष्ट आणि नेमका येतो. पण खर्जात तो लवकर दमतो.

आपल्याकडे तबल्याची जोडी पाहिली की हे तत्त्व समजायला वेळ लागत नाही. लहान तोंडाचा तबला चढा बोलतो आणि मोठ्या तोंडाचा डग्गा घुमतो. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ म्हटले तर बैठक फसेल. आणि तोंडाचे माप सारखे असले तरी शाई आणि वादी यांच्यामुळे दोन तबले एकसारखे बोलत नाहीत. स्पीकरचेही तसेच आहे. कागदाची जाडी, चुंबकाचे बळ, पेटीची लांबीरुंदी, पेटीची पाठ उघडी की बंद, या साऱ्यांचा स्वरावर परिणाम होतो. केवळ इंचांवरून निवाडा करता येत नाही.

पहिल्या अॅम्प्लिफायरांच्या पेट्या कठीण लाकडाच्या, तुळतुळीत घासलेल्या होत्या. दिसायला देखण्या, पण कारागिरीचा खर्च फार. लिओने लवकरच साध्या पाइनच्या लाकडाच्या पेट्या करून त्यांवर प्रवासी बॅगांना लावतात तसले जाडेभरडे कापड चिकटवायला सुरुवात केली. खर्च उतरला, ओरखडे दिसेनासे झाले, आणि गंमत म्हणजे ते कापडच पुढे त्या पेट्यांची ओळख ठरले. याच काळात त्याने एकाच पेटीत १० इंची दोन स्पीकर बसवून पाहिले. १९४८-४९च्या सुमारास नवशिक्यांसाठी 'चँपियन' ही अगदी छोटी पेटी निघाली. तिच्या एका प्रकाराला ८ इंची, तर दुसऱ्याला अवघा ६ इंची स्पीकर होता. धंदा वाढत असताना बहुतेक कारखानदार मोठ्या आणि महाग मालाकडे वळतात. लिओ मात्र यादीच्या दोन्ही टोकांना माल वाढवीत राहिला, कारण आज ६ इंची पेटीवर शिकणारा पोरगाच उद्या मोठी पेटी घ्यायला येणार, हे त्याला कळत होते.

१९५० साली त्याने भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. पोकळ गिटारचा आवाज वाढवला की ती स्वतःच्याच आवाजाने गुणगुणू लागे. भरीव लाकडाने तो त्रास कमी झाला. हिची मान चार स्क्रूंनी बसवलेली होती. खराब झाली तर काढून दुसरी लावता येई. दुरुस्तीच्या दुकानातली ती जुनी दृष्टी येथेही दिसते. या गिटारचे 'ब्रॉडकास्टर' हे नाव ग्रेच कंपनीच्या ड्रमच्या नावाशी जुळते अशी तक्रार १९५१ साली आली. तेव्हा छापून तयार असलेल्या नावाच्या पट्ट्या फेकून न देता त्यांतला तेवढा शब्द कापून टाकून उरलेले 'फेंडर' हे नाव चिकटवण्यात आले. मालसाठा वाया जाऊ न देणारा हिशेबनीस जागा होता! नंतर विक्रीचे काम पाहणाऱ्या डॉन रँडलने 'टेलिकास्टर' हे नाव सुचवले आणि तेच रूढ झाले. १९५४ साली 'स्ट्रॅटोकास्टर' आली. स्वतःला वाजवता येत नसल्यामुळे लिओ प्रत्येक नमुना वादकांच्या हाती देई, त्यांच्या तक्रारी ऐके आणि पुन्हा टेबलाकडे वळे. बिल कार्सनसारख्या वादकांच्या आणि फ्रेडी टावारेससारख्या सहकाऱ्यांच्या सूचनांतून ती गिटार घडली. जे आपल्याला येत नाही ते येणाऱ्याला विचारावे, यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही.

परंतु स्पीकरच्या मापाची खरी कसोटी लागली ती बास गिटारमुळे. १९५१ साली लिओने 'प्रिसिजन बास' बनवली. तोवर खर्जाचे वादन माणसाच्या उंचीच्या अवजड वाद्यावर उभ्याने चाले. नवे वाद्य गळ्यात अडकवता येई आणि पट्ट्यांमुळे स्वर अचूक लागे. पण बासची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. साध्या गिटारच्या खालच्या तारेच्या निम्मी. एवढ्या खोल स्वरासाठी भरपूर हवा हलवावी लागते. म्हणून १९५२च्या 'बासमन' अॅम्प्लिफायरला लिओने १५ इंची एक स्पीकर दिला. सरळ विचार केला तर उत्तर हेच यायला हवे होते.

मात्र सगळा भार एकाच शंकूवर पडे. १९५४च्या अखेरीस लिओने तो स्पीकर काढून त्याऐवजी १० इंची चार स्पीकर बसवले. मघाचे गणित येथे पुन्हा मांडून पाहू. १५ इंची एकाचे क्षेत्रफळ १७७ चौरस इंच, तर १० इंची चारांचे मिळून ३१४! म्हणजे एकूण पृष्ठभाग पाऊणपटीहून अधिक वाढला, प्रत्येक शंकू मात्र हलका आणि चपळ राहिला. आणि विजेचा भार चौघांत वाटला गेला. एका बलदंड हमालाऐवजी चार चलाख माणसांनी ओझे उचलावे, तसे हे झाले.

गंमत पुढेच आहे. त्या पेटीची पाठ उघडी असल्याने शंकूच्या मागून निघणारी ध्वनिलहर पुढच्या लहरीला काही अंशी मारीत असे आणि अतिशय खोल खर्ज त्यामुळे कमी पडे. बाससाठी म्हणून बनवलेली ही पेटी बासवाल्यांपेक्षा गिटारवाल्यांनाच अधिक आवडली. तिचा आवाज वाढवला की गिटारचा स्वर किंचित फाटून उबदार, दाणेदार होई. ब्लूज वाजवणाऱ्या कलावंतांनी ती उचलून धरली. लिओचा स्वतःचा ओढा स्वच्छ, न फाटणाऱ्या स्वराकडे होता. वादकांनी त्याच्या यंत्रातून त्याला अभिप्रेत नसलेले सौंदर्य शोधून काढले.

ती पेटी समुद्रापलीकडेही पोहोचली. लंडनमध्ये जिम मार्शल नावाचा ड्रमवादक वाद्यांचे दुकान चालवीत असे. अमेरिकन माल इंग्लंडमध्ये महाग पडे. १९६२ साली मार्शल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'बासमन'चाच विद्युत आराखडा समोर ठेवून आपला अॅम्प्लिफायर बनवला, मात्र स्पीकर निवडले ते १२ इंची चार आणि पेटी केली पाठीमागून बंद. आराखडा जवळपास तोच, पण स्पीकरचे माप आणि पेटी बदलताच आवाजाचा स्वभाव पालटला. इंग्लिश रॉक संगीताचा तो जाड, छातीवर आदळणारा आवाज या बदलातून आला.

इकडे कॅलिफोर्नियात डिक डेल नावाचा तरुण हजारोंच्या गर्दीपुढे इतक्या जोराने वाजवी की फेंडरने दिलेले स्पीकर जळून जात. दुसरा कारखानदार असता तर त्याने वादकालाच दोष दिला असता. लिओने बिघाड हीच माहिती मानली. पुढे 'शोमन' या शक्तिशाली अॅम्प्लिफायरसाठी जेम्स बी. लान्सिंग कंपनीचा मजबूत १५ इंची स्पीकर निवडण्यात आला आणि 'ड्युअल शोमन'मध्ये तसले दोन बसवले गेले. १९५२ साली अपुरे ठरलेले १५ इंची माप दहा वर्षांच्या आतच दुसऱ्या कामासाठी योग्य ठरले. माप तेच, काम बदलले होते.

या साऱ्या धावपळीची किंमत शरीराला मोजावी लागली. घशा-नाकाच्या चिवट संसर्गाने लिओ अनेक वर्षे बेजार होता. आपण फार दिवस जगणार नाही असे त्याला वाटू लागले. कारखान्याचा व्याप हाताबाहेर वाढला होता. अखेर डॉन रँडलने वाटाघाटी केल्या आणि जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या बलाढ्य कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरला फेंडर कंपनी विकत घेतली. ६०० डॉलरच्या कर्जावर सत्तावीस वर्षांपूर्वी सुरू झालेल्या खात्याचा हा ताळेबंद!

वर्गात आपण ख्याती म्हणजेच गुडविल शिकतो. यंत्रे, इमारत, मालसाठा यांच्या किमतीहून जे अधिक मिळते ते ख्यातीचे मूल्य. लिओच्या बाबतीत ही ख्याती म्हणजे त्याचे स्वतःचे आडनाव होते. तेच त्याने विकले. काही वर्षांनी वैद्य बदलल्यावर तो आजार बरा झाला आणि माणूस पुन्हा धडधाकट झाला. पण आता त्याच्या हातून बनणाऱ्या गिटारवर त्याचे नाव घालण्याचा हक्क दुसऱ्याचा होता. पुस्तकातील ख्यातीच्या नोंदीला दोन ओळी पुरतात. त्या दोन ओळींत काय काय मावते, हे अशा वेळी कळते.

१९७० पर्यंत तो त्या कंपनीचा सल्लागार राहिला. मिळालेल्या पैशांवर उरलेले आयुष्य सुखाने घालवणे त्याला सहज शक्य होते. तसे न करता जुन्या सहकाऱ्यांनी काढलेल्या 'म्युझिक मॅन' या कंपनीत तो सामील झाला आणि १९७५ साली तिचा अध्यक्ष झाला. १९७६ची 'स्टिंगरे' बास ही त्या काळातली त्याची नावाजलेली निर्मिती. १९७९ साली पत्नी एस्थर निवर्तली. पुढच्या वर्षी त्याने फिलिस हिच्याशी विवाह केला. याच सुमारास जुना सहकारी जॉर्ज फुलरटन याच्यासह त्याने 'जी अँड एल', म्हणजे जॉर्ज आणि लिओ, ही कंपनी सुरू केली. आडनाव वापरता येत नाही तर नावाचे आद्याक्षर तरी! ज्याच्या नावावर जगभर माल खपत होता, तो माणूस एका अक्षरामागे बसून पुन्हा पहिल्यापासून पिकअपची वेटोळी तपासू लागला होता. तो कारखाना फुलरटनमधल्या ज्या रस्त्यावर होता, त्या रस्त्याचे नाव मात्र फेंडर अॅव्हेन्यू होते.

उतारवयात त्याला कंपवाताने गाठले. हात थरथरत असतानाही तो कामाच्या टेबलाशी येत राहिला. २१ मार्च १९९१ रोजी फुलरटन येथे वयाच्या ८१व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. १९९२ साली रॉक अँड रोलच्या सन्मान मंदिरात त्याच्या नावाचा समावेश झाला. गिटार न वाजवणाऱ्या माणसाला वादकांच्या पंक्तीत मिळालेले ते स्थान होते.

लिओ फेंडरच्या चरित्रातून आपण काय घ्यावे? हिशेब सोडून यंत्राकडे वळा, असा त्याचा अर्थ मुळीच नाही, कारण त्याने हिशेब कधी सोडलाच नाही. कोणत्या ग्राहकाला काय हवे, त्याला किती खर्च येईल, एका बाजूला भर घातली तर दुसऱ्या बाजूने काय कमी होईल, हे तोलून पाहणे म्हणजे हिशेबच. ६ इंची स्पीकर नवशिक्याच्या खोलीत योग्य होता आणि १५ इंची दोन हजारोंच्या गर्दीत. लहानाला मोठ्याची लाज नव्हती आणि मोठ्याला लहानाचा तोरा नव्हता. चूक होई ती खोलीत दिवाणखान्याचा आवाज आणला की, किंवा मैदानात खोलीची पेटी नेली की.

आपण परीक्षा देऊन बाहेर पडू तेव्हा आपल्यालाही कोणी नोकरी देईल, कोणाची नोकरी जाईल, कोणी दुकान थाटेल. मोठे होण्याची घाई सगळ्यांनाच असते आणि ती गैरही नाही. परंतु आपला आवाज कोणत्या जागेसाठी आहे आणि तो कोणाला ऐकू जायला हवा, एवढे ज्याला नेमके उमगले, त्याला इंचांची चिंता करावी लागत नाही. फुलरटनच्या त्या अबोल हिशेबनिसाला ते उमगले होते. म्हणूनच आजही जगात कोठे ना कोठे रोज सायंकाळी एखादा मुलगा एक छोटी पेटी सुरू करतो, तारेवर बोट ठेवतो आणि ८ इंची कागदाचा शंकू हलू लागतो.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष